एकमताचा ठराव

“मग ‘नको’ म्हणायचं झालं, तर ते म्हणायचं कुणी?” लामा दामदिन यांनी विचारलं.

तुमेननं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तो एकदम थांबला. बाहेर पावलं वाजल्यासारखी वाटली...

वारा होता. दाराची कडी हलत होती.

तुमेन त्या डोंगराळ देशाचा धान्यखरेदी मंत्री होता. क्रांती होऊन बरीच वर्षं झाली होती. राजा गेला होता, मठ ओस पडले होते. मंत्र्यानं लामाकडं जाऊ नये असा कायदा नव्हता, पण जात कुणीच नसे. म्हणून त्यानं जीप खाली पुलापाशी ठेवली आणि ड्रायव्हरला सांगितलं, “गोदाम बघून येतो.”

ते अगदीच खोटं नव्हतं. मठाचा अर्धा भाग आता धान्याचं गोदाम होता. उरलेल्या अर्ध्यातल्या एका खोलीत म्हातारे दामदिन राहत. तुमेनला लहानपणी अक्षरं त्यांनीच शिकवली होती.

आल्याआल्याच त्यानं मनातलं सांगून टाकलं होतं. उद्या मंत्रिपरिषदेची बैठक. यंदा पीक कमी आलं, राजधानीचा कोटा भरत नाही. म्हणून उत्तरेच्या खोऱ्यांतलं जवाचं बियाणंही उचलायचं, असा ठराव होता. बर्फ वितळायला लागलं होतं, पेरणी तोंडावर आली होती. बियाणं गेलं की पेरणी नाही. आणि पेरणी नाही, तर पुढच्या हिवाळ्यात...

ते वाक्य त्यानं पुरं केलं नव्हतं. त्यावरच लामांनी हा प्रश्न विचारला होता.

“असं एकट्यानं म्हणता येत नाही, गुरुजी.”

“का?”

“आमची रचना वेगळी आहे.”

“सांग की. मला अडाण्याला कळू दे.”

तुमेन सावरून बसला. हा त्याचा हातखंडा विषय. मंत्री होण्याआधी तो पक्षाच्या शाळेत हेच शिकवायचा, आणि त्याच्यासारखं शिकवणारा दुसरा नाही असं लोक म्हणायचे. तेवढ्यापुरतं त्याच्या आवाजातलं कापरं गेलं.

“मंत्रिपरिषद म्हणजे राज्याचा कारभार चालवणारी सर्वोच्च संस्था. तिला एक अध्यक्ष, त्यांचे उपाध्यक्ष, आणि मग आम्ही सगळे मंत्री. नियोजन समितीचा प्रमुखसुद्धा आमच्यातच बसतो.”

“तू बियाणं नेऊ नकोस मग.”

“माझं खातं फक्त खरेदी करतं. किती करायची ते नियोजन समिती ठरवते.”

“तिला सांग.”

“तिला आकडा उपाध्यक्षांकडून येतो. एकेका उपाध्यक्षाच्या हाताखाली चार-पाच खाती असतात.”

“त्यांना सांग.”

“ते आणि अध्यक्ष मिळून अध्यक्षमंडळ होतं. ठराव तिथं शिजतो. आमच्यापुढं येतो तो तयार होऊनच. आणि अध्यक्षमंडळ तरी काय... दिशा देतं पॉलिटब्यूरो.”

“मग पॉलिटब्यूरोला सांग.”

“ते पक्षाचं सर्वोच्च मंडळ. पक्ष कारभार करत नाही, मार्गदर्शन करतो. कारभाराचा जाब परिषदेनं द्यायचा, जनसभेपुढं.”

“जनसभा काय म्हणते?”

“वर्षातून दोनदा भरते. परिषदेनं केलेलं मंजूर करते.”

“आणि जनसभा कुणाची?”

“जनतेची. सगळी सत्ता जनतेचीच.”

लामांनी खिडकीकडं पाहिलं. खाली दरीत गावं होती, घरांच्या धाब्यांवर पांढरट ऊन पडलं होतं.

“जनता म्हणजे हीच ना?”

“हो.”

“म्हणजे यांचं बियाणं न्यायला यांनीच सांगितलं.”

तुमेनची कानशिलं तापली. “तसं नाही, गुरुजी...”

“मग कसं?”

वर्गात हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

“मत कसं देता?” लामांनी विचारलं.

“हात वर करून.” सोपा प्रश्न आला म्हणून तुमेनला हायसं वाटलं. “सगळ्यांचे हात वर जातात. निर्णय सामूहिक असतो. तो एकट्या कुणाचा नसतो, त्यामुळं त्याचं ओझंही एकट्यावर येत नाही.”

“दाखव.”

“काय?”

“हात. वर कर.”

तुमेन कसंनुसं हसला. मग त्यानं हात वर केला.

लामा उठले. त्यांनी चुलीत शेण्या सारल्या, विस्तव फुंकला. भांड्यात पाणी ओतलं, चहाच्या वडीचा तुकडा मोडून टाकला. लोणी शोधलं. त्यांची काहीच घाई नव्हती.

तुमेनला आधी आपण मूर्ख दिसतोय असं वाटलं. मग खांदा भरून आला. मग भलतीच धास्ती वाटू लागली, की ड्रायव्हर आपल्याला शोधत वर येईल आणि खरेदीमंत्र्याला लामापुढं असा हात उंचावून बसलेला बघेल. तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दाराकडं बघत राहिला.

पाणी उकळलं. तरी लामांचं लक्ष नव्हतं.

“गुरुजी... खाली घेऊ?”

“मला काय विचारतोस? परिषदेला विचार.”

“दुखतोय.”

लामा वळले. खरोखरच ठाऊक नसल्यासारखं त्यांनी विचारलं, “कुणाला?”

तुमेननं हात हळूच खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. बराच वेळ तो त्या हाताकडं बघत होता.

चहा निवला. त्याला हात न लावताच तुमेन उठला आणि दरीत उतरून गेला.

*

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. लांबलचक मेजाच्या एका टोकाला अध्यक्ष ओचिर, त्यांच्या दोन्ही अंगांना उपाध्यक्ष, आणि मग खात्यांच्या मानाप्रमाणं मंत्री. तुमेनची जागा मधोमध होती.

ठराव वाचून झाला.

“अनुकूल?” ओचिर म्हणाले, आणि त्यांनी लगेच पान उलटलं. हात मोजायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

मेजाच्या मधोमध एक हात खालीच होता. शेजारचे उपाध्यक्ष ओचिर यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. ओचिरनी चष्म्यावरून पाहिलं.

“कॉम्रेड तुमेन, बरं वाटत नाही का?”

ती सुटकेची वाट होती. ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. ते तुमेनलाही कळलं, खोलीतल्या सगळ्यांनाही.

“बरा आहे.”

“मग?”

“बियाणं नेऊ नये असं... असं मत आहे.” आवाज इतका बारीक निघाला की त्याचा त्यालाच तो परका वाटला.

“कुणाचं?” ओचिरनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. नियोजन समितीचं? पॉलिटब्यूरोकडून काही निरोप आलाय?

“माझं.”

शेजारी बसलेल्या रस्तेमंत्र्यांनी आपली खुर्ची हळूच बाजूला सरकवली. लाकूड फरशीवर कर्रकन वाजलं.

आता पंचाईत झाली. परिषदेचा प्रत्येक ठराव ‘एकमताने’ या शब्दानं सुरू होई. तो शब्द नसलेला ठराव आजवर बाहेर पडला नव्हता आणि तसा कसा लिहायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ओचिरनी चिटणीसाकडं पाहिलं. चिटणीसानं छताकडं पाहिलं.

“हा विषय पुढच्या बैठकीत,” ओचिर शेवटी म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात पहिले उपाध्यक्ष छोइजील यांनी तुमेनला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं. त्याला पक्षात आणणारे, मोठं करणारे तेच.

“अरे, तुझ्या हातावाचून काय अडणार आहे? उद्या तुझ्या खुर्चीवर दुसरा बसेल. तो करेल हात वर.”

“हो.”

“कळतंय ना? मग हे कशासाठी केलंस?”

तुमेननं विचार केला. खूप विचार केला. “ठाऊक नाही,” तो म्हणाला.

छोइजीलनी दंड सोडला आणि इकडंतिकडं बघत ते निघून गेले.

मग वाट बघणं सुरू झालं. घरातला फोन वाजेनासा झाला. बायको, सर्नाई, पडद्याआडून रस्त्याकडं बघत उभी राही. दारापुढं मोटारीचा वेग कमी झाला की दोघं बोलायचे थांबत. मोटार पुढं गेली की अर्धवट राहिलेलं बोलणं पुन्हा सुरू करायचं त्यांना सुचत नसे.

पण मंत्र्याला काढायचं म्हणजे तरी सोपं काम नव्हतं. शिफारस पॉलिटब्यूरोनं करायची, प्रस्ताव अध्यक्षांनी मांडायचा, हुकूम जनसभेच्या स्थायी मंडळानं काढायचा. सुरुवात दुसऱ्यानं करावी असं प्रत्येकाला वाटत होतं. पॉलिटब्यूरो अध्यक्षांच्या प्रस्तावाची वाट बघत राहिलं, अध्यक्ष शिफारशीची. खरेदी खात्याला धड मंत्री नाही, तर खरेदीचा ठराव मांडायचा कुणी? तोही खोळंबला.

इकडं बर्फाचं पाणी ओढ्यांना आलं.

अखेर एका सकाळी रेडिओवर बातमी लागली. कॉम्रेड तुमेन यांना त्यांच्या स्वतःच्या विनंतीवरून पदमुक्त करण्यात आलं होतं. सर्नाईनं रेडिओ बंद केला. “तू विनंती केली होतीस?” तिनं विचारलं, आणि तिला एकदम हसू आलं, आणि मग रडू.

नवा मंत्री आला. बैठक भरली. सगळे हात वर गेले आणि ठराव एकमतानं बाहेर पडला. ट्रकांची रांग उत्तरेकडं निघाली, खिंड ओलांडून खोऱ्यांत उतरली. अधिकाऱ्यांनी गोदामांची कुलपं काढली.

आत उंदीर होते.

तोवर बियाणं जमिनीत गेलं होतं. आणि पेरलेलं बी उकरून काढावं, असा ठराव काही कुणी केलेला नव्हता. अधिकारी बांधावर उभे राहून थोडा वेळ त्या काळ्या मातीकडं बघत राहिले. मग ट्रक रिकामेच परत फिरले.

*

तुमेन आला तो पायी. लामा खोलीत नव्हते. मठाखाली गावाचं सहकारी शेत होतं, त्याच्या बांधावरच्या धोंड्यावर ते ऊन खात बसले होते.

तो त्यांच्याजवळ खाली मातीतच बसला. गालांची हाडं वर आली होती. बसल्यावरही त्यानं एकदा मागं वळून वाटेकडं पाहिलं.

“अजून काहीच कळवलेलं नाही, गुरुजी. धरून नेतील, की विसरून जातील...”

लामांनी पायाशी पडलेलं ढेकूळ काठावर फोडलं.

“रात्री झोप लागत नाही. मोटार थांबली की उठून बसतो. मी शहाणपणा केला की मूर्खपणा, तेही समजत नाही. छोइजील म्हणाले होते तसंच झालं. दुसरा आला, त्यानं हात वर केला.”

“हं.”

“मुलं विचारतात, तुम्ही आता कोण आहात? काय सांगू?”

लामांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला आणि ते शेतापलीकडं बघू लागले.

मग तुमेन हळूच म्हणाला, “आता माझ्याकडं खातं नाही. अधिकार नाही. पाठीशी कुणी नाही. मी करायचं काय, आणि कुणाच्या नावानं करायचं?”

पलीकडच्या कड्यावरून पारव्यांचा थवा उठला, एक घिरटी घालून ताज्या पेरलेल्या रानात उतरला. माना खालीवर होऊ लागल्या.

“पाखरं बसली बघ,” लामा म्हणाले. “ऊठ. हाकल.”