शांतवन पंचाची शिकवणी

एका गावात एक भोळा पंच होता. तसा तो जन्मापासून पंच नव्हता. भोळा मात्र जन्मापासून होता.

नाव शांतवन. मिशनच्या शाळेत शिपाई. घंटा वाजव म्हटलं की वाजवायचा, आणि थांब म्हणेपर्यंत वाजवायचा. एकदा हेडमास्तर थांब म्हणायचं विसरून तालुक्याला गेले, तर संध्याकाळी परत येईस्तोवर घंटा चालूच होती.

असा माणूस चर्चचा पंच कसा झाला? भांडणामुळे झाला. वीस वर्षं दाऊदराव खरात पंच होते. आपण खुर्चीत बसतो म्हणून चर्चचं छप्पर टिकलं आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. अर्ध्या मंडळीला ते नको होते आणि उरलेल्या अर्ध्या मंडळीला दुसरं कुणीही नको होतं. शेवटी पाळकसाहेब कंटाळून म्हणाले, "ज्याच्याविरुद्ध कुणाचीच तक्रार नाही, असा एक माणूस सांगा." अख्ख्या मंडळीत असा एकच निघाला.

पण हे पद कच्चं होतं. सहा आठवड्यांनी हंगामाच्या, म्हणजे नव्या पिकाच्या उपासनेला बिशपसाहेब येणार, शांतवनच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार, मग तो पक्का. तोवर काही वेडंवाकडं झालं, तर खुर्ची पुन्हा दाऊदरावांची. दाऊदराव सहा आठवडे मोजत बसले.

शांतवनची बायको सुवार्ता, तीही मोजत होती. तिनं नवऱ्याला सांगितलं, "आवं, शांतवनची बायको म्हणलं की पाणवठ्यावर बाया तोंडाला पदर लावून हसतात. एकदा बिशपसाहेबांचा हात तुमच्या डोक्यावर पडू द्या. मग बघते कोण हसतंय ते. पाळकसाहेब सांगतील तसंच वागायचं. जरासुद्धा इकडंतिकडं नाय."

"नाय," शांतवन म्हणाला. तो तसा वागला, हीच सगळी भानगड.

पाळक पगारेसाहेबांनी पहिली शिकवण दिली. "शांतवन, आपल्यात जो सर्वांत लहान, त्याचाच मान सर्वांत मोठा. म्हणून पंचानं कधी पुढं पुढं करू नये. सगळ्यांना आत जाऊ द्यावं, मग आपण जावं."

"बरं साहेब."

रविवारी उपासनेची पहिली प्रार्थना पंचानं करायची असते. मंडळी बसली. गीत झालं. पंच दिसेना. पाळकसाहेब बाहेर आले, तर शांतवन दाराशी उन्हात उभा.

"अरे, आत ये!"

"सगळे कुठं आलेत साहेब? म्हादबाचा धाकटा यायचाय."

"तो पुण्याला नोकरीला असतो! नाताळाला येतो!"

"हरकत नाय. थांबतो."

पाळकसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, मागं राहायचं ते मानासाठी. कामाच्या वेळी पंचानं सगळ्यांच्या पुढं व्हावं. वाट कशी आहे ते आधी आपण बघावं, मग लोकांना बोलवावं."

"चुकलंच साहेब. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढची वेळ पंधरा दिवसांनी एका मंगळवारी आली. म्हातारे योहानबाबा गेले. नव्वदी ओलांडलेली होती, कुणाला फार धक्का बसला नाही. सगळं गाव कब्रस्तानात जमलं. पाळकसाहेबांनी वचन वाचलं, डोळे मिटून प्रार्थना केली, डोळे उघडले, तर पंच गायब.

"शांतवन कुठं गेला?"

"इथं हाय साहेब," खालून आवाज आला. "वाट बघून घेतली. जागा ऐसपैस हाय. थोडं गार लागतंय, पण ते बरंच. येऊ द्या बाबांना!"

चार जणांनी हात देऊन त्याला कबरीतून वर काढलं. योहानबाबांची म्हातारी बहीण खुदकन हसली, मग कुठं आलोय ते आठवून पुन्हा रडायला लागली.

पाळकसाहेब दातओठ खात हळूच म्हणाले, "अरे, अशा ठिकाणी पुढं नाही अन् मागं नाही. माणसं रडत असली की त्यांच्याजवळ बसावं. त्यांच्याबरोबर रडावं. बाकी काही करू नये."

"चुकलंच साहेब. पुढच्या वेळी तसंच करतो."

त्याच शनिवारी दाऊदरावांच्या पुतणीचं लग्न निघालं. मांडवामागं दहा-बारा बायका गोल करून बसल्या होत्या आणि मटणाच्या रश्शासाठी पोतंभर कांदा चिरत होत्या. प्रत्येकीच्या डोळ्यांतून धारा. शांतवननं ते पाहिलं. त्याचं काळीज खरोखर हललं. एवढ्या बायका एकदम रडताहेत आणि जवळ कुणी नाही! तो मध्ये जाऊन बसला आणि त्यानं गळा काढला.

शांतवनचा आवाज मोठा. शाळेची घंटा पडल्यावरही पोरांना ऐकू जावा म्हणून कमावलेला. तेवढ्यात वऱ्हाडाचा टेंपो येऊन थांबला. आतून रडणं ऐकू आलं. बँडवाल्यानं पिपाणी खाली केली. नवऱ्याच्या बापानं फेटा काढून काखेत मारला आणि पुढं होऊन समोर दिसेल त्याच्या गळ्यात पडला. मुलीकडच्यांना वाटलं, वऱ्हाडातलं कुणी वाटेत गेलं. तेही रडायला लागले. अर्धा तास दोन्ही घरं एकमेकांच्या खांद्यावर मनसोक्त रडली. मग एकानं विचारलं, "पण गेलं कोण?"

कुणालाच माहीत नव्हतं. दाऊदराव तेवढे कुठं दिसत नव्हते, म्हणून तेच गेले असतील असं ठरलं. त्याच वेळी दाऊदराव नवा कोट घालून घरातून बाहेर आले. दोन बायका किंचाळल्या. काय झालं ते बघायला दाऊदराव धावले, मांडवाच्या दोरीत पाय अडकला, आणि मोडला.

लग्न लागलं. जेवणं झाली. दाऊदरावांनी मात्र कोट घातलेल्या अवस्थेतच तालुक्याच्या दवाखान्यात प्लास्टर घालून घेतलं.

सुवार्तेनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. "तीन आठवडे राहिलेत," एवढंच म्हणाली.

पाळकसाहेबांना आता झोप लागेना. "शांतवन," ते म्हणाले, "रडणं पुरे. आता सेवा कर. सेवेत चूक होत नाही. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. तूही दाराशी बस, येईल त्याचे पाय धू. गुपचूप, खाली मान घालून. आणि नीट धू, नुसतं पाणी लावल्यासारखं करू नकोस."

"बरं साहेब."

रविवारी शांतवन घमेलं, साबण, काथ्या घेऊन दाराशी बसला. आणि खरं सांगायचं तर काम फार छान चाललं. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपले भेगाळलेले पाय कुणी हातात घेतलेले त्यांना कित्येक वर्षांत आठवत नव्हते. सुवार्ता लांबून बघत होती. तिला नवऱ्याचा अभिमान वाटला. सरळ सांगायचं तर लग्नानंतर पहिल्यांदाच वाटला.

मग कुबडी टेकत दाऊदराव आले. आपले पाय चारचौघांत धुतले जाणार हे कळल्यावर ते पायरीवर ऐसपैस बसले. भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले. डावा पाय दोन मिनिटांत झाला. उजवा मात्र अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या थरानं माखलेला. शांतवननं आधी बराच वेळ भिजत ठेवला. मग साबण लावला. मग बाही वर करून काथ्यानं घासायला घेतलं. आत दोन गीतं झाली, वचन झालं, दान फिरलं. दाऊदरावांना डुलकी लागली. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा पाय लख्ख होता आणि प्लास्टर घमेल्यात होतं.

त्यानंतर ते जे बोलले, ते चर्चच्या आवारात कुणी पूर्वी बोललं नव्हतं.

"साहेब," शांतवन पाळकांना म्हणाला, "दाऊदरावांच्या पायावर चुना बसला होता. किती महिन्यांचा ते देव जाणे. पण काढला सगळा."

पाळकसाहेब पायरीवर बसले. मग म्हणाले, "आता काहीच करू नकोस. बिशपसाहेब येईपर्यंत काहीही करू नकोस. त्या दिवशी एवढंच बघ, मान म्हणून जे काही तुला मिळेल ते स्वतःकडं ठेवायचं नाही. दुसऱ्याला द्यायचं. हार आला, दाऊदरावांना घाल. खुर्ची आली, दाऊदरावांना दे. म्हणजे ते तरी शांत बसतील."

"चुकलंच साहेब. तसंच करतो."

सुवार्तेनं घरी वेगळीच तालीम लावली. बिशपसाहेब एकच प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "ते काय पण विचारू द्या. तुम्ही गुडघ्यावर बसायचं आन् म्हणायचं, 'होय, देवाच्या साहाय्याने.' मग ते डोक्यावर हात ठेवतील. झालं." शांतवननं आठ दिवस घोकलं. दुकानदारानं विचारलं, "साखर पाव किलो देऊ का अर्धा?" तो म्हणाला, "होय, देवाच्या साहाय्याने." सुवार्तेला वाटलं, आता पाठ झालं.

हंगामाचा दिवस उजाडला. वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या, एक ओरडणारा कोंबडा. बिशपसाहेब आले. पिकलेले केस, थकलेला चेहरा. मखमली खुर्चीत बसले. शांतवनला हार घातला, त्यानं तो दाऊदरावांना घातला. शांतवनला पुढची खुर्ची दिली, तीही त्यानं दाऊदरावांना दिली. नवं प्लास्टर लांब करून दाऊदराव बसले. पाळकसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला.

मग बिशपसाहेब उठले. "शांतवन, या मंडळीत तू स्वतःला सर्वांत लहान आणि सर्वांचा सेवक समजतोस काय?"

बायकांच्या बाजूला सुवार्तेचे ओठ हलत होते. होय. देवाच्या. साहाय्याने.

शांतवननं तोंड उघडलं. मिटलं. विचारात पडला.

"नाही साहेब," तो म्हणाला.

कोंबडासुद्धा गप्प झाला.

"नाही?" बिशपसाहेबांनी विचारलं.

"सगळ्यात लहान असणं हा सगळ्यात मोठा मान. आन् मान स्वतःकडं ठेवायचा नाय, असं पाळकसाहेबांनी सांगितलंय. मी कसा ठेवू? दाऊदराव, घ्या तुम्ही. या मंडळीत सगळ्यात लहान तुम्ही."

"मी लहान?" दाऊदराव एका पायावर उभे राहिले. गळ्यातला हार थरथरत होता. "ए शांतवन्या, वीस वर्षं पंच होतो मी! माझ्या आज्यानं ह्या चर्चचा पाया खणलाय!"

"नको तर राहू द्या. पाळकसाहेब, तुम्ही घेता?"

पाळकसाहेब उपासनेच्या पुस्तकात घाईघाईनं पान शोधायला लागले. हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले. शांतवननं सगळीकडं नजर फिरवली. एवढा मोठा मान, आणि घ्यायला कुणी पुढं येईना. त्याला वाईट वाटलं. तो बिशपसाहेबांकडं वळला. "मग तुम्हीच घ्या साहेब. लांबून आलात."

सुवार्तेनं पदरात तोंड लपवलं. संपलं सगळं.

बिशपसाहेब त्याच्याकडं बघत राहिले. मग सावकाश, गुडघे धरून, ते त्याच्यापुढं खाली बसले.

आता गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असते, हे शांतवनला आठ दिवसांच्या तालमीमुळे पक्कं माहीत होतं. त्यानं हात ठेवला. "बापा," तो म्हणाला, "हा माणूस नवा हाय. साधा हाय. चुकल. सांभाळून घे."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली. प्रार्थना संपली की आमेन म्हणायचं, केली कुणी ते बघायचं नाही, अशी तिथली सवय.

"होय," बिशपसाहेब म्हणाले. "देवाच्या साहाय्याने."

उठून त्यांनी विचारलं, "मग माझं काम काय?"

"सगळे जेवल्यावर जेवायचं," शांतवन म्हणाला. "आन् मग पातेली घासायची."

उपासनेनंतर आवारात जेवणाच्या पंगती बसल्या. दाऊदराव मात्र दोन तास चिंचेखाली बसून सह्या गोळा करत होते. पंचपद आपल्याला परत मिळावं, असा अर्ज होता. अठ्ठावीस सह्या झाल्या. तो कागद घेऊन ते बिशपसाहेबांना शोधत हौदाकडं गेले, तर बिशपसाहेब झगा खोचून, उकिडवे बसून, भाताचं मोठं पातेलं राखेनं घासत होते. कोपरापर्यंत काळे झाले होते.

"हे... हे पंचाचं काम असतं?" दाऊदरावांनी विचारलं.

"व्हय," शांतवन म्हणाला. "दर हंगामाला."

दाऊदरावांनी कागदाची घडी घातली, आणखी बारीक घडी घातली, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. पायाचं दुखणं फार आहे, पद झेपायचं नाही, असं त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. कुणी हेडमास्तरांचं नाव सुचवलं, तर त्यांना शाळेची तपासणी आठवली. पद हवं म्हणणारा एकही माणूस उरला नाही. तेव्हा बिशपसाहेबांनी हात धुतले, ओल्या हातानंच शांतवनचं डोकं थोपटलं आणि त्याचं नाव पक्कं केलं.

घरी जाताना सुवार्ता हसत होती आणि रडतही होती. मध्येच थांबून ती म्हणाली, "आवं, पण बिशपसाहेबांना भांडी घासायला लावली तुम्ही! लोक काय म्हणतील?"

शांतवननं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"हळू बोल. बाहेर कुठं सांगू नको, बिचाऱ्याला हसतील," तो म्हणाला. "माणूस लई भोळा हाय. मी आपलं म्हणलं भांडी घासा, तर खरंच घासायला बसला!"