डोअरकीपरने सांगितलेला शेवट

एकदा एक म्हातारा होता, आणि या गोष्टीत जे बिघडलं ते त्याच्यामुळे बिघडलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वयस्क माणूस चुकला की आपल्याकडे काळाला दोष देतात, नव्या पिढीला देतात, मोबाइलला तर हमखास देतात. इथे दोष म्हाताऱ्याचा होता.

हा म्हातारा एका तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये डोअरकीपर होता. टॉकीज पाडली त्याला बारा वर्षं झाली, तरी गाव त्याला डोअरकीपर मामाच म्हणे. त्याच्या उमेदीच्या काळात तिथे एक मारधाडीचा सिनेमा एकतीस आठवडे चालला होता. भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला एक हमाल, त्याच्या हातात बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा, आणि शेवटची मारामारी बर्फाच्या कारखान्यात. पुढे मामाची बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, टॉकीज गेली. सिनेमा तेवढा त्याच्यापाशी राहिला. रोज संध्याकाळी नगरपालिकेच्या बागेत बसून तो भेटेल त्याला ती कथा सांगे. ऐकणारे एकेक करून पांगले आणि शेवटी एकच उरला.

त्याचं नाव निवास. वय बावीस, कॉलेज अर्ध्यात सोडलेलं. एका प्राध्यापकाने भर वर्गात त्याच्या बापाच्या हातगाडीवरून त्याची टिंगल केली होती. निवासने त्याच दिवशी दप्तर फेकलं आणि मनात एक गोष्ट पक्की केली. त्याच आठवड्यात बागेच्या बाकावर त्याने मामाच्या तोंडून सिनेमाचा शेवट प्रथम ऐकला.

"खलनायक बर्फात पडलाय," मामा सांगत होता. "थंडीनं दात वाजतायत. हमालानं आकडा उचललाय. आता घालणार, असं सगळ्या थेटराला वाटतंय. आणि तो काय करतो? आकडा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतो. खण्णकन. अंगातला कोट काढतो, त्या कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावर टाकतो. आणि चालायला लागतो. मागं वळून बघत नाही."

दुसऱ्या दिवशी निवास लोखंडी गज घेऊन प्राध्यापकाच्या फाटकापर्यंत गेला. कडी काढली, गज भिंतीला टेकवून ठेवला आणि परत आला. त्या दिवसापासून तो मामाचा शिष्य झाला. दोन वर्षं रोज बाकावर आला. सिनेमा फोनवर सहज मिळत होता, पण त्याने तो उघडला नाही. मामाने बजावलं होतं, "तळहाताएवढ्या काचेवर तो बघणं म्हणजे त्याचा अपमान आहे." वडीलधाऱ्यांच्या अशा वाक्यांत ज्ञान असतं असं आपल्याला शिकवलं जातं. काही वेळा त्यात नुसती तजवीज असते.

मग त्या सिनेमाचा रिमेक आला.

बायपासवर नवं थिएटर झालं होतं. निवास पहिल्या खेळाला गेला. नव्या हमालाने आकडा उचलला आणि सरळ खलनायकाच्या छातीत घातला. निवास खुर्चीवर उभा राहून ओरडायला लागला. बाहेर येऊन त्याने फोनसमोर उभं राहून सांगितलं, की या लोकांनी आमच्या नायकाचा खुनी केला, क्षमेचा सिनेमा खाटीकखान्यात नेला, ज्याला लाज आहे त्याने हा बघू नये. दोन दिवसांत तो व्हिडिओ हजारो लोकांनी एकमेकांना पाठवला. ज्यांनी जुनाही पाहिला नव्हता आणि नवाही नाही, ते सर्वांत जास्त चिडले.

तिसऱ्या दिवशी त्याचा मित्र बशीर घरी आला. निवासला असलेला तो एकच मित्र. बशीरच्या वडिलांची व्हिडिओ लायब्ररी होती. वडील वर्षापूर्वी वारले होते.

"निवास, तो व्हिडिओ काढून टाक," बशीर म्हणाला. "जुन्यात पण मारतोच की तो. अब्बांकडं कॅसेट होती, मी वीस वेळा बघितलाय. हे बघ." त्याने फोन पुढे धरला. जुन्या, पुसट रंगांत जुना हमाल आकडा उचलत होता आणि घालत होता.

निवास तो फोन तसाच घेऊन बागेत पळाला. मामाने चष्मा कपाळावर चढवून तुकडा पाहिला. पुन्हा पाहिला. म्हाताऱ्याकडे तेव्हा खरं सांगायला हवा तेवढा वेळ होता.

"बनावट आहे," तो म्हणाला. "आजकाल मशीनवर काय वाटेल ते करतात. नवा खपावा म्हणून जुना बिघडवलाय."

"नक्की, मामा?"

"एकतीस आठवडे तिथं उभा होतो मी. तू होतास का?"

निवास परत गेला आणि लढला. तुकडा दाखवणारा प्रत्येक जण विकला गेलाय, असं तो म्हणाला. बशीर पुन्हा समजवायला आला, तेव्हा त्यालाही म्हणाला, "तुझ्या बापाला काय कळत होतं रे सिनेमातलं? भाड्यानं कॅसेटी देणारा माणूस. नकली माल विकून पोट भरलं त्यानं."

बशीरने फोन खिशात टाकला आणि चपला घातल्या. "बाप मेलेला आहे माझा," एवढं बोलून तो गेला.

हे सारं निवासने मामाला अभिमानाने सांगितलं. "तुमच्यासाठी त्याला पण सोडला," तो म्हणाला.  मामा म्हणाला, "उद्या दुपारच्या खेळाला चल. तो नवा सिनेमा मला दाखव."

निवासला कळेना, पण गुरूची आज्ञा म्हणून तो गेला. मामा अडीच तास हूं की चूं न करता बसला. बर्फाचा कारखाना पडद्यावर आला, आकड्यांची पहिली झटापट झाली, आणि मामा उठला. पायऱ्या उतरून, बाहेर जायचं दार ढकलून तो सरळ निघून गेला. निवास मागोमाग धावला. पाहतो तर मामा दाराबाहेर, शेजारच्या भिंतीला पाठ टेकवून ताठ उभा होता.

"बरं वाटत नाही का?"

"गप उभा राहा. ऐक."

आतून लाद्या फुटल्याचे आवाज येत होते. मग एक खण्ण. मग शांतता. मग सावकाश पावलं.

"आत काय झालं?" मामाने विचारलं.

"आकडा घातला त्यानं. मग आकडा खाली पडला. मग हमाल चालत गेला."

"तू बघितलायस म्हणून तुला माहीत. मी टॉकीजमध्ये असाच दाराबाहेर उभा असायचो." मामा सांगायला लागला. "खेळ सुटायच्या आधी दारांच्या कड्या काढून बाहेर थांबायचं, गर्दी सरळ रांगेत सोडायची, हे आमचं काम. एकतीस आठवडे मी शेवट ऐकला. एकदाही बघितला नाही. खण्ण वाजायचं, शांत व्हायचं, पावलं वाजायची. आकडा खिळ्याला अडकवला असेल, असं मला वाटलं. इतकं शांत झालं म्हणजे काहीतरी चांगलं केलं असेल, असं वाटलं. सांगता सांगता कोटही आला. नव्या सिनेमावाल्यानं जे केलं तेच मी केलं रे, फक्त तो 'नवा' अशी पाटी लावून करतो. जुना बिघडवला म्हणून मला राग आलाच नव्हता. नव्याच्या निमित्तानं लोक जुना काढून बघतील, याची मला भीती वाटली. जुन्याच्या नावानं गळा काढणाऱ्याला एकदा विचारावं, बाबा, तू आत होतास की दाराबाहेर?"

दार उघडलं. प्रेक्षक बाहेर पडले, त्यांनी वाटेत उभ्या असलेल्या दोघांना वळसा घातला. मामाने नकळत हात आडवा करून एक रांग लावली. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. व्हरांडा रिकामा झाला.

"तुझा हात थांबला होता ना त्या फाटकापाशी?" मामा म्हणाला. "तो तर खराच थांबला."

"त्याबद्दल मी काही म्हणतोय का?" निवास म्हणाला. तो ओरडला नाही. "शेवट तुम्ही बनवला, चांगला बनवला. मला उपयोगी पडला. पण त्या दिवशी बागेत मी तुम्हाला विचारलं होतं. नक्की का, म्हणून विचारलं होतं. तेव्हा तुम्ही आतच होता, मामा. तुम्हाला सगळं दिसत होतं."

 मामा म्हणाला, "ऐकायला तू एकटाच उरला होतास."

"मला पण बशीर एकटाच होता."

निवास तिथून थेट बशीरच्या घरी गेला. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. बशीरने ऐकून घेतलं. "माझं काही नाही," तो म्हणाला. "पण अब्बांना बोललास, त्यांची माफी कशी मागणार?" मग त्याने दार हळू लोटून घेतलं. निवासने घरी येऊन तो व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो इतक्या ठिकाणी पोहोचला होता, की काढून काही फरक पडला नाही.

मामा दुसऱ्या संध्याकाळी बागेत आला. तिसऱ्याही. शिष्याला काय म्हणायचं ते त्याने जुळवून ठेवलं होतं, आणि या वेळी त्यात पदरचं काही घातलं नव्हतं. ते वाक्य त्याच्याजवळच राहिलं. एखादी गोष्ट मनाने रचून सांगितली तर माणसं क्षमा करतात. ती सांभाळण्यासाठी दुसऱ्याला खोटं पाडलं, की करत नाहीत.

मामा त्यानंतर नऊ वर्षं जगला. निवास परत आला नाही.