मावळतीची भिंत

“नळी भिंतीपार काढलीय, फटी बुजवल्यात. तरी आत बसलं की डोकं का चढतं, बुवा?”

दिगंबरनं उभ्या उभ्याच विचारलं. पठारावर त्याचं जीप दुरुस्तीचं गॅरेज. श्रावणात तिथं ढग जमिनीवरून चालतात, बोटं गारठून पाना धरवत नाही. म्हणून त्यानं यंदा गॅसचा हिटर आणला आणि त्याचा धूर बाहेर सोडायची नळीही स्वतःच बसवली. मिस्त्री बोलवा म्हणणाऱ्याला तो हसला होता.

भैरोबाच्या देवळात राहणारे म्हातारे बुवा वाती वळत होते. दिगंबर तीन वर्षं त्यांच्या पायाशी बसत होता. शिकला किती, ते भैरोबाला ठाऊक.

“कुठल्या भिंतीतनं काढलीस?”

“मावळतीच्या.”

“आणि वारं?”

“तेबी मावळतीकडनंच की.”

“मग उगवतीच्या भिंतीनं काय घोडं मारलं होतं?”

उगवतीची भिंत सडकेकडची. तिच्यावर त्यानं परवाच चुना देऊन आपलं नाव रंगवून घेतलं होतं, हातभर अक्षरांत.

“नाव काळं पडंल, बुवा.”

“हं… आणि फटी?”

“एक ठेवली नाही!” इथं त्याची मान ताठ झाली. पठारावर ज्याच्या घरात वारं शिरतं त्याला बायकासुद्धा हसतात. “पत्र्याखाली, दाराखाली गोणपाट ठासलंय. मुंगी शिरायची नाही.”

बुवांनी वात खाली ठेवली.

“फुंक मार.”

“आँ?”

“मार.”

दिगंबरनं फुंक मारली. ती संपते न संपते तोच बुवांनी त्याचं नाक-तोंड तळव्यानं गच्च दाबलं.

“आता अजून एक मार.”

…

दिगंबरचे डोळे पांढरे व्हायला आले. शेवटी त्यानं गुरूचा हात झिडकारला. असं त्यानं कधी केलं नव्हतं.

“मेलो असतो की! आत घेऊ दिलं तर बाहेर सोडीन ना!”

बुवांनी मान वळवून गॅरेजच्या दिशेनं पाहिलं.

…

“आत्ता आत कोण हाय?”

“रावजीदादा. जीपखाली पडलाय. काल उलटी झाली त्याला, पण ऐकतोय कुठं…”

“हिटर?”

“चालू.”

“दार?”

आई-बापामागं ह्याच थोरल्या भावानं दिगंबरला वाढवलं होतं. दार त्यानं स्वतःच्या हातानं ओढून घेतलं होतं, वर सांगितलंही होतं, “दादा, उघडू नको, ऊब जाईल.”

तो पळाला.

दोन शेतं मधे. वारं असं तोंडावर, की पाय उचलावा तिथंच पडावा. “दादा!” म्हणून ओरडला तर ओरडणं मागंच उडून गेलं. वर पवनचक्की आपली घूं घूं फिरतेय, तिला कशाचं काय!

दार हलेना. खाली ठासलेलं गोणपाट दाराला धरून बसलेलं. त्यानंच ठासलेलं, पहारीनं. खांदा लावला, लाथ घातली… तिसऱ्या लाथेला दार गेलं.

आत वास नाही, धूर नाही. कशी छान ऊब. हिटरची निळी ज्योत मात्र पिवळी होऊन फडफडत होती.

रावजीचे पाय जीपखालून बाहेर होते.

दिगंबरनं श्वास धरून सिलिंडरचा कॉक बंद केला, पाय धरून भावाला फरफटत बाहेर आणलं. गाल लालबुंद, जसा आत्ताच न्हाऊन आलाय. पण मान लुळी. दवाखान्याच्या गाडीला फोन लावला.

बुवा धापा टाकत आले, रावजीचं डोकं मांडीवर घेतलं, सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या.

“बुवा, नळी उगवतीला घेतो. आढ्याच्या वर नेतो, तिच्या तोंडावर टोपी बसवतो. खाली हातभर झरोका ठेवतो, कधी बुजवणार नाही. नाव पुसून टाकतो! ह्याला तेवढा बोलता करा…”

“नावाचं कुणी विचारलंय? त्याचे तळवे चोळ.”

चोळले. वारं सुटलेलंच. गाडी दिसेना…

किती वेळ गेला कोण जाणे. रावजीच्या अंगावर काटा आला. ओठ हलले.

“दिग्या…”

“दादा! हाय मी, हाय!”

“मुडद्या, उघड्यावर टाकलंस व्हय… गार लागतंय. आत ने की.”

दिगंबर हसला का रडला, त्याचं त्यालाच कळलं नाही. भावानं सांगितलं आणि त्यानं केलं नाही, असं जन्मात झालं नव्हतं. त्यानं चटकन रावजीच्या काखेत हात घातले.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

“गार लागतंय म्हणतोय, बुवा!”

“लागू दे. मघाशी त्याला लागत नव्हतं.”