पाणी ऐकणारा शांतवन

फार वर्षांपूर्वी खडकाळ माळावरच्या एका गावात शांतवन नावाचा माणूस राहायचा. देवानं त्याला एक अजब देणगी दिली होती, बरं का. जमिनीला कान लावला, की खालचं पाणी त्याला ऐकू यायचं. लहानपणी त्यानं दाखवलं तिथं त्याच्या बापानं खणलं, तर गोड पाण्याचा झरा लागला.

पण मोठा झाल्यावर त्याला भीती वाटायला लागली. सारखं ऐकून हे ऐकणं संपलं तर? मग तो कानांवर फडकं बांधून हिंडायला लागला. देवाची देणगी जपतोय, असं म्हणायचा.

एका वर्षी पाऊस झालाच नाही. आधी शेजारच्या गावचे लोक आले. शांतवन म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. मग मेंढपाळ आले. त्यांची मेंढरं तहानेनं बसली होती. त्यांनाही त्यानं तेच सांगितलं. मग कोण आलं असेल? त्याची धाकटी बहीण दुर्कस. सासरहून चालत आली होती. तिच्या गावची विहीर आटली होती. शांतवन म्हणाला, थोडं थांब.

दुर्कस म्हणाली, "दादा, हे कान तुझ्या एकट्यासाठी असते, तर देवानं सगळं पाणी तुझ्याच अंगणात ठेवलं असतं."

आणि ती पाणीही न पिता परत गेली.

ते बोलणं त्याला लागलं. तरी त्यानं आठ दिवस घालवले. नवव्या दिवशी फडकं सोडलं आणि बहिणीचं गाव गाठलं. तर सगळ्या दारांना कड्या. एकच म्हातारी मागं राहिली होती. ती म्हणाली, सगळे गाव सोडून गेले, दुर्कसही पोरांना घेऊन गेली.

शांतवननं जमिनीला कान लावला. इथं लावला, तिथं लावला. काही म्हणता काही ऐकू येईना. मग तो खूप रडला. "देवा, तू दिलेलं मी नुसतं बांधून ठेवलं," म्हणाला.

मग त्यानं म्हातारीची कुदळ घेतली. पहिल्या जागी खडक लागला. दुसऱ्या जागी कोरडी माती. तिसऱ्या जागी महिनाभर खणलं, तेव्हा कुठं ओल लागली आणि मग पाणी वर आलं.

हळूहळू लोक परत आले. दुर्कस? नाही गं, ती नाही आली. दूरच्या मुलखात बरी आहे, एवढा निरोप आला. शांतवन रोज संध्याकाळी तिच्या वाटेकडे बघत बसायचा.

गाव मात्र पोटभर पाणी पिऊन सुखी झालं. चला, प्रार्थना म्हणा आणि डोळे मिटा.