पान दाखव म्हणणारी बुधी

फार फार वर्षांमागे आपल्या या वेळंब्याच्या डोंगरात बुधी नावाची एक ठाकरीण राहायची. रानातला कुठलाही शेंगेचा वेल ती नुसत्या पानावरून ओळखायची. तिनं वेलाचं नाव घेऊन हाक मारली की पलीकडच्या उतारावर त्याच्या वाळल्या शेंगा तडातडा फुटायच्या, असं म्हणतात.

एका साली दुष्काळ पडला. गावचा कारभारी भिवजी यानं देवळापुढे सगळ्यांसाठी चूल मांडली आणि माणसं रानात पिटाळली. त्यांनी दिसतील त्या शेंगा ओरबाडल्या, जागीच सोलल्या आणि दाण्यांची पोती आणली. दाणे भरडून पेज केली. बुधी आली तेव्हा पहिली पंगत उठत होती. तिच्या मेलेल्या बहिणीची लेक ठमी बोटं चाटत होती.

बुधीनं पोत्यात हात घातला. "येल कुठाय? पान कुठाय?"

"पानं काय खायचीत?" भिवजी म्हणाला. "दाणा तो दाणा."

"अरं मुडद्या, रानवालाला एका देठावर तीन पानं. पांढऱ्या गुंजेला चिंचेवानी बारीक, जोडीजोडीनं. समदं सोलून मिसळलंस, आता यातलं इख कसं निवडू?"

तिनं लाथेनं हंडा उलथवला. भुकेली माणसं तिच्यावर तुटून पडली. तिचा उजवा हात मोडला.

तिसऱ्या दिवसापासून पहिल्या पंगतीतली माणसं मरू लागली. सात गेली. ठमीही गेली.

भिवजी लुगडं-चोळी घेऊन माफी मागायला आला. बुधीनं लुगडं चुलीत घातलं.

"माफी नाय. चल."

डाव्या हातानं कान धरून तिनं त्याला डोंगरावर नेलं. एकेका वेलापुढे उभं करून पान ओळखायला लावलं. तो चुकला की ती अशी ओरडायची, की कातळ तापून त्याचे तळवे भाजायचे. बारा पावसाळे तिनं तो कान सोडला नाही, असं म्हणतात. मरतानाही माफ केलं नाही.

आजही शेंगा भरल्या की गाव डोंगरावर जातं. भिवजीच्या घराण्यातला कर्ता माणूस पुढे उभा राहतो. बायका पानाफुलासकट वेल त्याच्या तोंडापुढे धरतात आणि पोटभर शिव्या घालतात. सगळे वेल बरोबर सांगितले तरच चूल पेटते.

गेल्या साली तो पाचव्या वेलाला अडखळला. सगळं गाव उपाशी खाली उतरलं, आणि कुणी हू की चू केलं नाही.