मुक्या पिंपाचा पहिला घोट

फ्रान्स देशात ब्रुमेल म्हणून एक गाव आहे. तिथं ओढ्याकाठी द्राक्षाची एक ओळ आहे. साऱ्या गावाची तोडणी उरकली तरी तिला कोणी कात्री लावत नाही. धुकं येतं, मणी सुकतात, त्यांच्यावर राखेसारखी बुरशी चढते. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मग तिथली जुनी माणसं त्यांना बाकावर बसवून घेतात आणि सांगतात ते असं.

फार मागं या गावात एक होता बास्तियाँ, एक होती त्याची बायको ओदील, आणि दोघांच्या पोटाला ओढ्याकाठची एवढीशी बाग. ऐन तोडणीत बास्तियाँ तापानं आडवा झाला. वैद्यानं हात टेकले. ओदील देवळात गेली आणि बोलून बसली, की माझा माणूस आपल्या पायांनी बागेत येईल तोवर मी एका घडाला कात्री लावणार नाही. वाटलं असेल, चार दिवसांची गोष्ट. पण बोललेलं परत घेता येतं का?

चार आठवडे गेले. ओढ्यावरून रोज सकाळी धुकं चढायचं आणि दुपारच्या उन्हात विरायचं. घडांवर राखाडी बुरशी चढली, ते कुजल्यासारखे दिसू लागले. आजोबाच्या काळी अशाच बुरशीनं गावाच्या वेली मेल्या होत्या म्हणे. सारं गाव घाबरलं. गावचा म्होरक्या गास्पारबाबा येऊन सांगून गेला, की रविवारपर्यंत तोड, नाहीतर आम्ही बाग जाळू. ओदील पेचात पडली. तोडलं तर नवरा जाईल, नाही तोडलं तर बाग जाईल.

शनिवारी बास्तियाँनं काठी मागितली. धडपडत बागेतल्या पहिल्या वेलीपर्यंत आला आणि तिथंच बसला. ओदीलनं कात्री उचलली. एकेक सुरकुतलेला मणी वेचून रस काढला. निघाला तो जेमतेम एक पिंप, पण मधासारखा दाट.

आता त्या गावची समजूत अशी, की पिंप बोलतं तोवर जिवंत. रस आंबून त्याची वाइन होताना आतून बुडबुड येते, सारी गोडी सरेपर्यंत. ओदीलचं पिंप मात्र अर्ध्यात गप्प झालं. कान लावला तर काही नाही. रस अजून गोडच होता. बाई, पिंप मेलं, विष झालं, अशी कुजबुज उठली. भर दुपारी गास्पारबाबा गावची माणसं आणि मशाल घेऊन दारात उभा राहिला.

"तूच पी आमच्यापुढं. पडलीस तर बाग जाळतो."

ओदीलनं बास्तियाँकडं पाहिलं, डोळे मिटले आणि मोठा घोट घेतला. इतकी गोडी तिच्या घशाला कधी ठाऊक नव्हती. तिला ठसकाच लागला. माणसं मागं सरली, मशाल वर झाली. ओदीलनं चाचपडत फळीवरचं चीज ओढलं. मेंढीच्या दुधाचं, मिठानं खारट, निळ्या बुरशीचं. बास्तियाँच्या आजारपणात कोणी न खाल्लेलं. तुकडा तोंडात टाकला. खारट गोडात विरघळलं, घसा मोकळा झाला. तिनं पुन्हा घोट घेतला, सावकाश.

गास्पारबाबा वाट पाहून कंटाळला. "मरायला फार वेळ लावतेस, बाई."

"आणखी थोडं चीज असेल तर बघा," ओदील म्हणाली.

तेव्हा त्यानं मशाल मातीत खुपसून विझवली आणि आपला पेला पुढं केला.

आजही ब्रुमेलमध्ये पिंप गप्प झालं, की घरातली थोरली बाई पहिला घोट घेते. ती पेला खाली ठेवीपर्यंत कोणी श्वास सोडत नाही. सोबत ताटात निळं खारट चीज, नाहीतर बदकाची कलेजी. मिठाई नाही. गोडावर गोड वाढावं ते नकोशा पाहुण्याला, असं त्या बाया हसून सांगतात. आणि ओदीलच्या त्या एका पिंपासाठी पुढल्या वर्षी शहरातून गाड्या आल्या. बास्तियाँची काठी सुटली, ओढ्यापलीकडची टेकडी त्यांची झाली, आणि त्या घराची चूल पुन्हा कधी विझली नाही.