वेणी पुन्हा पाण्यात

एकदा एका खाडीच्या मुखाशी, पत्र्याच्या शेडमध्ये, एक वृद्ध रसायनज्ञ आणि त्यांचा शिष्य काम करीत असत. समुद्राच्या पाण्यात युरेनियम असते. मात्र इतके विरळ, की ते शोधणे म्हणजे जत्रेत दूरचा नातेवाईक शोधणे. यासाठी त्यांनी एक खास धागा तयार केला होता. पाणी त्याच्यामधून वाहून जाई आणि युरेनियम त्याला चिकटून राही. या धाग्यांची एक लांब वेणी वळून त्यांनी ती धक्क्याला दोराने बांधून समुद्रात सोडली होती. वेणी एकच होती. दुसरीपुरता धागा नव्हता, आणि शेडचा खर्च देणाऱ्या व्यापाऱ्याचा धीर धाग्याहूनही कमी होता.

त्याने निरोप धाडला, "उद्या येतो. काही दिसलं तर ठीक, नाहीतर शेडमध्ये सुकी मासळी ठेवीन. तिला निदान वास तरी असतो."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला गुरुशिष्यांनी वेणी वर काढून शेवाळ धुतले. आता तिने धरलेले सोडवायचे होते. त्यासाठी शेडमध्ये दोन पिंपे होती: एकात तीव्र आम्ल, दुसऱ्यात सोड्याचे सौम्य पाणी. तेवढ्यात व्यापारी आला. दिलेली खुर्ची त्याने रुमालाने पुसली आणि मग उभाच राहिला.

"गुरुजी, आम्लच घ्या," शिष्य कुजबुजला. "त्यात सगळं सुटतं. सोड्याच्या पाण्यात थोडं राहूनच जातं."

"सगळं हवंय तुला?"

"मला नको हो, त्यांना हवंय! शेड जाईल आपली!"

वृद्धाने वेणी सोड्याच्या पाण्यात बुडवली. व्यापारी घड्याळ पाही, मग समुद्र, मग पुन्हा घड्याळ; दोन्ही बरोबर चालली आहेत ना, याची तो बहुधा खात्री करीत असावा. बऱ्याच वेळाने पाण्याला फिकट पिवळी छटा आली.

"हे बघायला आलो मी?" व्यापारी म्हणाला. "आमच्या घरचं सरबत याहून पिवळं असतं."

"शेट, वेणीत अजून आहे! थांबा, आम्लात घालून दाखवतो!" शिष्याने वेणीकडे हात नेला.

वृद्धाने ती आधीच उचलली होती. ते धक्क्यावर गेले, वेणी दोराला बांधली आणि भरतीच्या पाण्यात सोडून दिली. शिष्य धावला. त्याने दोर पकडला. वृद्धाने दोरावर पाय ठेवला. तेव्हा शिष्याने सरळ पाण्यात उडी घेतली.

"गुरुजी, काय केलंत हे! बुडालो आपण!"

"बुडालो नाही. तू फक्त भिजलास. वर ये."

मग वृद्धाने खिशातून धाग्यांचा एक लहान झुपका काढून व्यापाऱ्याच्या हातावर ठेवला. "ओढून बघा."

धागे तटातट तुटले.

"हा नमुना आम्लातून काढलेला. यानं सगळं दिलं होतं," वृद्ध म्हणाले. "युरेनियमच्या जोडीनं धाग्याला दुसरे धातूही चिकटतात, आणि ते हट्टी असतात. आम्ल त्यांनाही ओरबाडून काढतं, पण धाग्याची पकड आणि ताकदही घेऊन जातं. शेट, समुद्रात माल अमाप आहे. टंचाई आहे ती धाग्याची. म्हणून सहज सुटेल तेवढं घ्यायचं आणि उरलेलं त्याच्यापाशी राहू द्यायचं. उद्या त्यालाच परत पाण्यात जायचं असतं."

व्यापारी तळहातावरचे तुकडे बघत राहिला. भरतीने दोर ताणला गेला.

"पुन्हा कधी काढणार?"

"अमावास्येच्या ओहोटीला."

"तेव्हाही सरबतच?"

"सरबतच. आणि त्याच्या पुढच्या वेळीही."

व्यापाऱ्याने तुकडे रुमालात बांधून खिशात टाकले. "मासळीला दुसरी जागा बघतो," तो म्हणाला आणि निघाला.

शिष्य निथळत शेडमध्ये गेला आणि त्याने आम्लाच्या पिंपावर झाकण ठेवले.

ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांनी आपल्याकडचे कोणते पिंप उघडे आहे, ते अधूनमधून पाहावे.